लाल वहीच्या शेजारी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. आपली कहाणी जन्मापासून सांगायची असते हे मला ठाऊक आहे, पण आज मला ते जमत नाही. माझं मन सारखं एका बुधवारी जाऊन बसतं. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

त्या बुधवारी विशेष काही घडलं नाही. सकाळी पावणेनऊला रुग्णालयाची नोंदणी सांभाळणाऱ्या आमच्या नोंदबाई आल्या. त्यांनी खिडकी उघडली, जुन्या सुती कापडाने माझी काच पुसली, कळफलक उलटा करून पाठीवर दोन चापट्या मारल्या. बिस्किटाचा चुरा खाली पडला.

"काल कोण बसलं होतं गं बाई इथे? उंदीर परवडले," त्या भिंतीला म्हणाल्या.

मग माझं बटण दाबून त्या पाणी भरायला गेल्या. मला जागं व्हायला सहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात त्यांच्या दोन बाटल्या भरून होतात. दुपारी वरच्या मजल्यावरून त्यांची लेक डबा घेऊन खाली आली. ती आमच्याच रुग्णालयात मोठ्या साहेबांची पत्रं लिहायची. जेवण झाल्यावर दोघींनी एक सफरचंद चिरून निम्मं निम्मं खाल्लं. लेकीची नजर टेबलावरच्या लाल वहीकडे गेली आणि लगेच खिडकीबाहेर गेली. नोंदबाईंनी वही जराशी बाजूला सरकवली.

"दमलेली दिसतेस," लेक म्हणाली.

"मी कसली दमते? जिने दमतात माझ्यामुळे."

संध्याकाळी साडेपाचला त्यांनी मला बंद केलं, अंगावर कापड टाकलं आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "झोप रे बाबा आता." त्यानंतर मला कोणी असं झोपवलेलं नाही.

आता मागचं सांगतो.

माझा जन्म पांढऱ्या दिव्यांच्या एका लांबलचक कारखान्यात झाला. एका मुलीने माझ्या पाठीला अकरा स्क्रू बसवले. बारावा बसवायच्या वेळी तिची पाळी संपल्याची घंटा झाली. तेव्हापासून माझी एक बाजू थरथरते. बारा वर्षांपूर्वी मी या चार मजली रुग्णालयात आलो आणि जिन्याखालच्या नोंदणीच्या खोलीत माझी स्थापना झाली. पहिल्याच दिवशी नोंदबाईंनी माझी थरथर ओळखली. एका जुन्या केसपेपरची घडी करून त्यांनी ती फटीत बसवली आणि मी शांत झालो. मला बसवायला आलेल्या माणसाला जे चारदा उघडूनही सापडलं नाही, ते त्यांना हात ठेवल्याबरोबर कळलं.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. मोठ्या साहेबांनी माझ्यासोबत फोटो काढून घेतला. दारावर पाटी लागली, 'कागदमुक्त रुग्णालय'. त्या पाटीखाली उभं राहून साहेबांनी नोंदबाईंच्या टेबलावरची एक जाड, लाल शाईने भरलेली वही उचलली.

"ही कशाला आता?"

"कोणाला कुठलं औषध सोसत नाही, कोणाचं रक्त कुठलं, कोण काय गोळ्या घेतं, ते आहे यात," नोंदबाई म्हणाल्या. "घाईच्या वेळी उपयोगी पडते."

"अहो, दोन ठिकाणी नोंद म्हणजे दोन ठिकाणी चूक. आता सगळं याच्या पोटात."

वही रद्दीत गेली. मित्रांनो, तेव्हा मला अभिमान वाटला होता, तो आज आठवला की माझा पंखा उगाच जोरात फिरू लागतो.

वर्षं गेली. माझ्या पोटात हजारो माणसांची दुखणी साठली. लोक आपल्या घरच्यांपासून जे लपवतात ते माझ्याजवळ असतं. पण ज्या कंपनीने मला घडवलं तिने माझ्यासाठी सुधारणा पाठवणं थांबवलं. वरच्या मजल्यांवर नवे संगणक आले, तेही माझ्याच जाळ्याला जोडलेले. आणि आमच्याकडे एक सवय पडून गेली. नोंदबाई सकाळी आपला पासवर्ड टाकायच्या आणि दिवसभर अख्खं रुग्णालय त्यांच्याच नावाने काम करायचं. बाहेर पडून पुन्हा आत यायचं म्हणजे सहा मिनिटं, आणि खाटेवरचा माणूस सहा मिनिटं थांबत नाही. पासवर्ड होता लेकीचं लाडाचं नाव आणि तिचं जन्मसाल. त्यामुळे सफाईवाल्या मावशींपासून भूल देणाऱ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला 'भिंगरी' म्हणत.

"हिचं वय लपवायची काही सोयच ठेवली नाहीत तुम्ही," सिस्टर चिडवायच्या.

"लपवून करायचंय काय? दिसतंच आहे," नोंदबाई म्हणायच्या.

हसण्यावारी जायचं सगळं.

मग एक दिवस सरकारने नव्या नियमांचा मसुदा काढला. रुग्णांची माहिती चोरांपासून कशी सांभाळायची याचे ते नियम होते. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा हवा. माहिती अशी बांधून ठेवायची की चोराच्या हाती लागली तरी त्याला वाचता येऊ नये. तिची एक प्रत दुसरीकडे ठेवायची, आणि ती उघडते की नाही हे दर सहा महिन्यांनी उघडून पाहायचं. माझ्यासारखे जुने संगणक काढून टाकायचे. नववा नियम असा होता की, सगळे संगणक बंद पडले तर रुग्णाची अत्यावश्यक माहिती तासाभरात कशी मिळेल, हे रुग्णालयाने दाखवून द्यावं. कोणाच्या हरकती असतील तर तीन आठवड्यांत लेखी कळवाव्यात, असंही मसुद्यात म्हटलं होतं.

हरकती पुष्कळ होत्या. आमचे मोठे साहेब रुग्णालयांच्या संघटनेचे अध्यक्ष. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. तिसऱ्या मजल्यावरच्या गळक्या नळापासून क्ष-किरण यंत्राच्या खोकल्यापर्यंत सगळं त्यांना पाठ होतं. "छोट्या दवाखान्यांनी खाटा विकत घ्यायच्या की कुलपं?" असं ते विचारायचे, आणि त्या प्रश्नात खोटं काही नव्हतं. पण डोक्यावर पाणी पडत असताना छत्री महाग आहे अशी तक्रार करत भिजत उभं राहावं, तसं ते चाललं होतं.

हरकतींचं पत्र लिहिण्याचं काम अर्थातच लेकीकडे आलं. त्या आठवड्यात वर भिंत फोडण्याचं काम चालू होतं, म्हणून ती खाली येऊन माझ्यासमोर बसली. नोंदबाई वॉर्डात गेल्या होत्या. साहेबांनी दिलेले मुद्दे ती भराभर उतरवत होती. भाषा तिच्या हातात होती. आठ नियमांवरच्या हरकती झाल्या. नवव्यापाशी तिची बोटं थांबली. पडद्यावरची उभी रेघ किती वेळ नुसती लुकलुकत राहिली.

साहेब दारात आले. "झालं का? नऊला काय लिहितेस? त्याला माझ्याकडे उत्तर नाही बघ."

तिने एक वाक्य लिहिलं आणि वाचून दाखवलं: "आमच्या रुग्णालयांत अत्यावश्यक माहितीच्या हस्तलिखित नोंदवह्या अद्ययावत ठेवल्या जातात, सबब या नियमाची आवश्यकता नाही."

"वा! कुठल्या वह्या पण?"

"आईची होती ना, लाल वही."

"होती ना? मग झालं तर."

'होती' या शब्दावर दोघंही क्षणभर थांबले आणि दोघंही पुढे गेले. पत्र गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदबाईंनी मला सुरू केलं, तेव्हा ते पत्र माझ्यातच होतं. त्यांनी ते ओठ हलवत दोनदा वाचलं. दुपारी डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, "अगं, ती वही रद्दीत जाऊन बारा वर्षं होत आली."

"आई, हरकतींची पत्रं अशीच लिहितात. कोणी वही बघायला येत नाही."

"बघायला येत नाहीत. मागायला येतात."

लेकीने डबा पुढे ओढला. नोंदबाईंनीही विषय तिथेच सोडला. त्या साहेबांकडे गेल्या नाहीत, कारण गेल्या असत्या तर बोट लेकीकडे गेलं असतं. पुढच्या सकाळी त्यांच्या पिशवीतून एक नवी लाल पुठ्ठ्याची वही निघाली आणि दोन लाल पेनं.

तीन महिने त्या लिहीत होत्या. कामातून सवड मिळाली की माझ्या पडद्यावरून एक नाव घ्यायचं, वहीत उतरवायचं, पुन्हा ताडून पाहायचं. आडनावांच्या क्रमाने, पहिल्या अक्षरापासून. लेकीने कागदावर खोटं लिहिलं होतं, ते खरं करायला त्या बसल्या होत्या. लेक रोज दुपारी येऊन ती वही पाहायची. वही कशासाठी आहे ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तिला कळलंय हे नोंदबाईंना कळलं होतं. तीन महिने दोघी एकाच टेबलावर जेवल्या. विषय निघाला नाही.

त्या काळात आणखी एक नोंद माझ्या पोटात आली. एकदा सकाळी खोलीत कोणी नसताना नोंदबाईंनी स्वतःच्याच नावाचं पान उघडलं आणि हृदयाच्या तपासणीचा अहवाल भरला. रक्त पातळ ठेवण्याची गोळी, रोज एक, चुकवू नये. जिने चढू नयेत. मग पान मिटून त्यांनी कळफलकावर हात ठेवला. "तुझ्या माझ्यात राहू दे," म्हणाल्या. वहीत मात्र त्यांनी स्वतःला घेतलं नाही. रुग्णालयातली माणसं सगळ्यात शेवटी, असं त्यांनी ठरवलं होतं.

बुधवार मी तुम्हाला सांगितला. त्या दिवशी वही 'म'पर्यंत आली होती.

गुरुवारी सकाळी त्या पाणी भरून आल्या, तेव्हा माझा पडदा काळा होता. त्यावर चारच ओळी होत्या: तुमची सगळी माहिती आमच्या ताब्यात आहे, सोडवून घ्यायची असेल तर संपर्क करा. चोर कुठल्याशा दूरच्या खोलीत बसून आत आले होते, नोंदबाईंच्या नावाने. कुठल्यातरी मजल्यावर कोणीतरी संगणकावर आलेल्या एका खोट्या पत्राला खरं समजून तो पासवर्ड टाकला होता. पण सगळ्यांचं नाव एकच असल्यावर ते कोण, हे कळणार कसं?

मित्रांनो, ती अवस्था कशी असते ते सांगतो. माझ्या पोटातला एक कागदही हरवला नव्हता. सगळं जागच्या जागी होतं, फक्त अनोळखी लिपीत फिरवलेलं. समोर माणूस विचारतो आहे, उत्तर आपल्यापाशी आहे, आणि तोंडाला कुलूप आहे.

पहिल्यांदा दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर धावत आल्या. "नोंदबाई, सात नंबरला कुठलंसं इंजेक्शन सोसत नाही म्हणे. कुठलं ते त्याला आठवत नाही, आणि डॉक्टर सुई भरून उभे आहेत!"

नोंदबाईंनी लाल वही उघडली. पान एकेचाळीस. "पेनिसिलिन. थांब, मी येते."

वहीचे फोटो काढून घेऊ, असं सगळे म्हणाले. नोंदबाईंनी दोन्ही हातांनी वही छातीशी धरली. "लोकांची दुखणी मोबाइलवर फिरवायची नाहीत. मी आहे ना." झेरॉक्सचं यंत्र माझ्याच जाळ्यात अडकलेलं. फोनवर सांगायचं तर ऐकण्यात चूक व्हायची. म्हणून त्या स्वतः जात, सिस्टरसमोर वाचत आणि त्यांच्याकडून परत वाचून घेत. 'म'च्या पुढच्या रुग्णांच्या खाटांशी बसून त्यांनी नातेवाइकांकडून एकेक गोष्ट विचारून घेतली. लिफ्ट खाटांना लागायची. त्या जिन्याने जात.

शुक्रवारी साहेब खाली आले. टाय सैल, दोन दिवस दाढी नाही. टेबलावरची वही पाहून ते थबकले.

"अहो, तुम्ही खरंच ठेवली होतीत?"

"पत्रात लिहिलंय ना साहेब तुम्ही," नोंदबाई म्हणाल्या, आणि वही घेऊन जिन्याकडे गेल्या.

साहेबांमागे लेक उभी होती. आईच्या पावलांचा आवाज पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू आला, मग थोडा थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

सोमवारी अकरा वाजता त्या चौथ्या मजल्यावरून खाली आल्या, खुर्चीत बसल्या, वहीत खूण म्हणून पेन ठेवलं. कापडाने माझी काळी काच पुसायला हात उचलला. तो अर्ध्यावरून खाली आला.

डॉक्टर आले, लेक आली. "कुठली औषधं चालू आहेत यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही. आई धडधाकट आहे."

"नक्की?"

"हो. काही असतं तर मला सांगितलं असतं तिने."

मी दोन हातांवर होतो. गोळीचं नाव, मात्रा, तारीख, सगळं माझ्यापाशी होतं. माझा पंखा ओरडत होता. कोणीतरी त्रासून म्हणालं, "बंद करा रे ते धूड." त्यांना स्ट्रेचरवरून वर नेलं. दीड तासाने लेक एकटी खाली आली आणि आईच्या खुर्चीत न बसता शेजारच्या स्टुलावर बसली.

पुढे नोंदबाईंच्या पर्समध्ये गोळ्या सापडल्या. डॉक्टरांनी तिला या खोलीतच सांगितलं, "माहीत असतं तर वेगळं इंजेक्शन दिलं असतं. त्याने वाचल्याच असत्या, असं मी म्हणत नाही." ते खरं बोलत होते. ती फक्त "बरं" म्हणाली.

तीन आठवड्यांनी सरकारचं उत्तर आलं. संघटनेच्या हरकती विचारात घेऊन नियम दोन वर्षं पुढे ढकलले होते, आणि रुग्णालयांत हस्तलिखित नोंदवह्यांची व्यवस्था असल्याने नववा वगळला होता. कोणी पेढे वाटले नाहीत. पण हा निर्णय नको होता असंही कोणी म्हणालं नाही.

इतर संगणक धुऊन पुसून पुन्हा कामाला लागले. माझ्यातून चोर आले म्हणून मला पुरावा ठरवलं आणि माझ्यावर कागदी पट्टी चिकटवली. म्हणून माझ्या आठवणी पुसल्या गेल्या नाहीत. चौकशी ठरली. तिच्या आदल्या दिवशी साहेब लेकीला घेऊन खाली आले. माझ्याकडे पाठ करून त्यांनी निवेदन सांगितलं, तिने वहीच्या जागी पॅड ठेवून उतरवून घेतलं: "नोंदणी विभागातील दिवंगत कर्मचारी यांनी पासवर्ड हाताळण्यात दाखवलेल्या निष्काळजीपणामुळे..."

"'दिवंगत' ठेवायचं?" तिने विचारलं. आवाजात काहीच नव्हतं.

"ठेव." साहेब दाराकडे वळले. "त्यांना आता फरक पडत नाही गं. इथे दोनशे माणसांची नोकरी आहे. तू समजूतदार आहेस, भिंगरी."

तिने मान डोलावली आणि वाक्य पूर्ण केलं.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी म्हातारं यंत्र विनवणी करतं, मला फेकू नका म्हणून. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल फेका. मला फार आधीच फेकायला हवं होतं. पण माझ्यासारख्याच्या पोटात तुम्ही जे ठेवता, ते कोणाचं तरी असतं. दाराला कुलूप लावायला सहा मिनिटं लागतात म्हणून दार उघडं टाकू नका. आणि सगळं ठीक आहे असं कागदावर लिहिण्यापूर्वी एकदा उठून पाहा, ते खरंच ठीक आहे का. कारण तुम्ही पाहिलं नाहीत, तर तुमच्यावर माया करणारं कोणीतरी गुपचूप ते ठीक करायला बसतं, आणि ते माणूस एकटं असतं.

चौकशी इथेच झाली, माझ्यासमोर. अधिकारी बाई चष्म्यावरून पाहत होत्या. साहेबांनी निवेदन वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत?" बाईंनी लेकीला विचारलं.

"हो."

"काही सांगायचंय?"

तिने पिशवीतून लाल वही काढली आणि टेबलावर ठेवली. पेन अजून त्याच पानात होतं.

"पासवर्ड एकट्या तिचा नव्हता, सगळ्यांचा होता. साहेबांचाही. वेगळ्या पासवर्डचा नियम आला असता तर तसं राहिलं नसतं. तो येऊ नये म्हणून पत्र गेलं, तेही मी लिहिलं." तिने वहीवर हात ठेवला. "नवव्या हरकतीत वह्या आहेत असं लिहिलंय. तेव्हा एकही वही नव्हती. मला माहीत होतं. ही नंतरची आहे. माझं खोटं खरं करायला आईने लिहिली."

"अगं, तू काय बोलतेस—" साहेब उठले. अधिकारी बाईंनी हात वर केला.

"तीन महिने मी रोज पाहत होते," ती म्हणाली. "एकच वाक्य बोलायचं होतं मला. तेवढं बोलले नाही."

मग ती आईच्या खुर्चीकडे वळली. खुर्चीच्या पाठीवर माझी काच पुसायचं कापड तसंच होतं.

"आई, राहू दे. पत्र मी बदलते."